साठ टिकल्या

द्वारकाबाईंनी आपली कापडी पिशवी शाळेच्या व्हरांड्यातल्या टेबलावर उलटी केली. एक कंगवा पडला, तंबाखूची डबी पडली, दोरा बांधलेला चष्मा पडला आणि शेवटी प्लास्टिकच्या रिकाम्या पाकिटांचा एक गठ्ठा पडला. धुऊन, पुसून, घडी घालून ठेवलेली पाकिटं.

“घ्या, पाहून घ्या,” त्या म्हणाल्या. “डाळ दिसते का कुठी?”

टेबलापलीकडे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बाबाराव गावंडे बसले होते. त्यांनी गठ्ठ्याला बोट लावलं. “हे काय होय?”

“डाळीची रिकामी पाकिटं. मॅडमच्या पोरांले वर्गात लागतात, म्हून धुऊन ठेवली.”

मॅडम म्हणजे मी. शैला देवतळे. दारव्ह्याच्या अलीकडे बोरखडी नावाचं गाव आहे, तिथल्या शाळेत गणित शिकवत होते. मुख्याध्यापकाचं पद तीन वर्षं रिकामं, त्यामुळे तो चार्जही माझ्याच गळ्यात. आणि बाबारावांच्या समोर जो कागद पडला होता, ज्यावरून ही सगळी झडती चालली होती, तो माझ्याच अक्षरातला होता. वळणदार अक्षर आहे हो माझं. मेलं तेवढंच तेव्हा बरं होतं.

प्रकरण असं. आमच्याकडे सहावी ते आठवीची ऐंशी पोरं दुपारी शाळेत खिचडी खायची. दर पोरामागे तीस ग्रॅम डाळ, म्हणजे दिवसाला दोन किलो चारशे. महिन्याला एक-एक किलोची साठ पाकिटं यायची. सगळी पोरं रोज हजर धरली तरी पंचवीस दिवस डाळ पुरायला हवी. आणि गेले तीन महिने ती बाविसाव्या दिवशीच संपत होती. महिन्याला सात किलोच्या वर डाळ जाते कुठे? कोठीची किल्ली माझ्याकडे, पण डाळीला हात लागायचा तो फक्त द्वारकाबाईंचा. अकरा वर्षं त्या एकट्याच स्वयंपाक करत होत्या. मी कागद लिहिला, “स्वयंपाकी महिलेकडून खुलासा मागवावा.” मोठी साळसूद भाषा. पण त्याचा अर्थ काय होतो, हे न कळण्याइतकी काही मी भोळी नव्हते.

“तीन दिवसांची डाळ काय उंदरांनी नेली का?” बाबाराव म्हणाले.

“मले मालूम नाही, भाऊ. मॅडमनं जे माप करून देल्लं त्याच मापानं काढली म्या.”

हे खरं होतं. वर्षाच्या सुरुवातीला मीच पत्र्याचा एक मग काट्यावर ठेवून, डाळ भरून, वजन बघून त्यावर खिळ्याने रेघ मारून दिली होती. द्वारकाबाई त्या रेघेच्या वर दाणा जाऊ देत नसत.

“सोमवारी मीटिंग घेऊ,” बाबाराव म्हणाले. “पुरवठादाराच्या माणसालाही बोलावतो, म्हणजे सगळं समोरासमोर होईल. तोवर तुम्ही चुलीपाशी जाऊ नका. सोमवारी तुमचं नाव कमी करायचा ठराव होईल.” ते काम त्यांच्या भावजयीला हवं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

व्हरांड्यात वीस-बावीस माणसं जमली होती. त्यातून कोणीतरी मागून “चोट्टी” म्हणालं. द्वारकाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी कंगवा, डबी, चष्मा पिशवीत भरला. पाकिटांचा गठ्ठा मात्र टेबलावरच ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या निघून गेल्या. मी मान खाली घालून उगाच रजिस्टरची पानं उलटत बसले.

*

दुसरा दिवस शनिवार. सकाळची शाळा. सातवीला माझा आवडता तास होता, ज्याला गावात ‘कचऱ्याचा तास’ म्हणत. म्हणोत बापडे. पाठ्यपुस्तकातली वजनं-मापं शिकवताना पोरांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची. म्हणून मी जूनपासून नियम केला. घरात बिस्किटाचा पुडा, मिठाची पिशवी, चहाचं, हळदीचं पाकीट, जे काही येईल ते फोडायच्या आधी शाळेत आणायचं, काट्यावर ठेवायचं, वजन लिहायचं. मग घरी नेऊन खा-प्या आणि रिकामं वेष्टन परत आणा. त्याचंही वजन करायचं. भरलेलं वजा रिकामं, म्हणजे आतला खरा माल. तो वेष्टनावर छापलेल्या आकड्याशी जुळतो का, ते बघायचं.

मागच्या भिंतीवर मी खाकी कागद लावला होता. मधोमध उभी लाल रेघ. रेघ म्हणजे छापलेलं वजन. माल कमी भरला तर रेघेच्या डावीकडे टिकली लावायची, जास्त भरला तर उजवीकडे. शेकडा एक फरक असला तर एक घर, दोन असला तर दोन. दोन्ही बाजूंना दहा-दहा घरं. टिकल्या मुलींनीच शोधून काढल्या होत्या, कारण शाईचे ठिपके लांबून दिसत नसत. मुलगे आधी लाजले, मग त्यांच्यातच “माही टिकली कुठाय” म्हणून भांडणं व्हायला लागली.

एकदा मोठीच गंमत झाली होती. एक लिटर तेलाची पिशवी काट्यावर नऊशे दहा ग्रॅम भरली. सगळा वर्ग उसळला, “चोर, चोर, तेलवाले चोर!” मी टेबलावर छडी आपटली आणि पोरांना लिटर आणि किलो यांतला फरक दाखवला. लिटरभर पाणी किलोचं असतं, तेल त्याहून हलकं. वर एक भाषणही ठोकलं, “कोणाला चोर म्हणायच्या आधी आपण काय मोजलं आणि काय मोजलं नाही, ते बघायचं असतं.” पोरांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

त्या शनिवारी चेतना राठोड नावाची पोर उठली. वेणीला लाल रिबीन, आणि प्रश्न विचारायला लागली की समोरच्याचा जीव खाऊन टाकणार. तिच्या हातात द्वारकाबाईंचा तो गठ्ठा होता.

“मॅडम, याच्या टिकल्या कुठं लावू जी?”

“ते ठेव खाली,” मी म्हटलं. माझा आवाज नको तितका चढला.

“पण हे चाळीस पाकिटं हायेत. याच्यावर छापलं हाये एक किलो. रिकाम्याचं वजन घेता येते. भरलेल्याचं कुठं लिहिलं हाये?”

“भरलेल्याचं कोणी घेतलं नाही.”

“घेतलं असन जी. तुमी घेतलं असन. डाळ तुमीच तर उतरवून घेता!”

डाळ मीच उतरवून घेत होते, हे खरंच होतं. पण तोलून नव्हे. मी पाकिटं मोजून घेत होते. साठ. दर महिन्याला साठ मोजायची आणि सही करायची. त्यांच्यावर एक किलो छापलेलं होतं, मग तोलायचं कशाला?

मी कोठी उघडली. नव्या महिन्याची साठ पाकिटं परवाच आली होती, बांधलेली तशीच होती. एक उचलून आणलं आणि काट्यावर ठेवलं. पोरं गोळा झाली.

आठशे अठ्ठ्याऐंशी.

“खाली ठेवून परत ठेवा,” कोणीतरी म्हणालं. परत ठेवलं. आठशे अठ्ठ्याऐंशीच.

“चाळीस रिकामी एकदम तोला रे,” मी म्हटलं. ती तीनशे वीस ग्रॅम भरली. म्हणजे रिकामं पाकीट आठ ग्रॅमचं. आठशे अठ्ठ्याऐंशीतून आठ गेले, उरली आठशे ऐंशी ग्रॅम डाळ.

मी पदर खोचला आणि दाराकडे निघाले. द्वारकाबाईंच्या घरी धावत जावं, एवढंच डोक्यात होतं. चेतना मध्ये आली.

“कुठं चालल्या मॅडम? एका पाकिटावरून काही बोलायचं नाही, तुमीच सांगता ना. एखादं पाकीट चुकून कमी भरते.”

आता या पोरीला काय म्हणावं! माझंच शिकवलेलं माझ्याच तोंडावर. पण तिचं बरोबर होतं. सोमवारी एक पाकीट घेऊन मी उभी राहिले असते, तर बाबारावांनी मला दोन मिनिटांत खाली बसवलं असतं.

मग आम्ही साठही पाकिटं तोलली. दोघांनी उचलायची, दोघांनी आकडा मोठ्याने वाचायचा, दोघांनी लिहायचा, आणि दर दहा पाकिटांनंतर जोड्या बदलायच्या म्हणजे कंटाळ्याने चूक नको. शाळा सुटायची घंटा झाली, कोणी उठलं नाही. दोन आया पोरांना शोधत आल्या आणि त्याही तिथेच बसल्या.

टिकल्या लावायची वेळ आली आणि नवीच अडचण उभी राहिली. कागदच संपला! आठशे ऐंशी ग्रॅम म्हणजे डावीकडे बारावं घर, आणि आमची घरं दहाच. इतके महिने कुठलीही टिकली रेघेपासून चार घरांच्या पलीकडे गेली नव्हती. पोरांनी डावीकडे खाकी कागदाचा जोड लावला आणि पार खिडकीच्या चौकटीपर्यंत नेला. मग टिकल्या संपल्या. मुलींनी कपाळावरच्या काढून लावल्या.

सगळ्यात जड पाकिटातही नऊशे सहा ग्रॅमच डाळ होती. सगळ्यात हलक्यात आठशे बासष्ट. सरासरी आली आठशे ऐंशी. चेतनाने फळ्यावर गुणाकार मांडला. साठ पाकिटं गुणिले आठशे ऐंशी, म्हणजे बावन्न किलो आठशे ग्रॅम. त्याला दोन किलो चारशेने भागलं.

“बावीस!” तिचा आवाज चिरकला. “मॅडम, बरोबर बावीस दिवस! द्वारकाआजीनं काहीच नाही केलं जी!”

वर्ग असा काही ओरडला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मी मात्र खुर्चीवर बसले आणि पदरात तोंड घालून रडले. पोरांसमोर. शिक्षकाने रडू नये म्हणतात, पण त्या दिवशी माझा इलाज नव्हता.

*

रविवारी सकाळी द्वारकाबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात भांडी घासत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, “माझं चुकलं, बाई. मला माफ करा.”

त्यांनी हातातलं पातेलं विसळलं, पालथं घातलं.

“मले चोट्टी म्हणलं ते व्हरांड्यात म्हणलं, साऱ्या गावासमोर,” त्या म्हणाल्या. “अन् तुमचं चुकलं ते तुमी माह्या आंगणात येऊन सांगता? उद्या तिथीच सांगजा.”

चहा विचारला नाही, बसा म्हटलं नाही. मी आले तशी परत गेले. वाटेत मला त्यांचा राग आला, हेही कबूल करते. घरी पोचेपर्यंत तो उतरला आणि उरली ती नुसती लाज.

*

सोमवारी मीटिंग मी सातवीच्या वर्गात घ्यायला लावली. भिंत काही व्हरांड्यात नेता येत नव्हती. निम्मं गाव लोटलं होतं. द्वारकाबाई दारापाशी, पायरीवर बसल्या. पुरवठादाराचा माणूस मोटारसायकलवरून आला, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध. बोलायला गोड.

मी आकडे वाचून दाखवले. तो हसला. “मॅडम, तुमचा काटा बिघडलेला असेल. शाळेतला काटा तो, लहान मुलं हाताळतात.”

बाबाराव तसे रागीट, पण त्यांचं किराणा दुकान होतं आणि वजनाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकून घेणारे नव्हते. त्यांनी दुकानातून सरकारी शिक्क्याचं एक किलोचं लोखंडी माप मागवलं आणि स्वतःच्या हाताने काट्यावर ठेवलं. काट्याने हजार दाखवले. एक नाही कमी, एक नाही जास्त.

“काटा खरा आहे,” बाबाराव म्हणाले. मग कोठीत जाऊन त्यांनी स्वतःच्या मर्जीने मधलं एक पाकीट ओढून आणलं आणि ठेवलं. आठशे त्र्याण्णव. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

गंधवाला अजून हसतच होता. “भाऊ, तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला काय सांगायचं? मशीनवर भरतात. हजारो पाकिटं. एखादं कमी भरतं, एखादं जास्त भरतं. सरासरी बरोबर येते.”

लोकांनी माना डोलावल्या. पटण्यासारखंच बोलला होता तो. मी काही बोलणार, तेवढ्यात चेतना उठून भिंतीपाशी गेली.

“हे पाहा जी,” ती म्हणाली. “हे बिस्किटाचे पुडे. काही रेघेच्या इकडं, काही तिकडं. हे मीठ. इकडं-तिकडं. हा चहा. हा पण इकडं-तिकडं. तुमी म्हणता तसंच, कमी भरते, जास्त भरते. बरोबर हाये तुमचं.”

माणूस खूश झाला. “बघा! लहान पोरीला कळतं.”

“अन् हे तुमची डाळ.” ती चालत चालत डावीकडे गेली. बिस्किटं मागे राहिली, मीठ मागे राहिलं, जुना कागद संपला, जोड सुरू झाला आणि ती खिडकीपाशी थांबली. तिथे साठ टिकल्यांचा दाट घोळका होता. ती वळली आणि लाल रेघेच्या उजवीकडे बोट दाखवलं. तिथे डाळीची एकही टिकली नव्हती.

“साठ तोलली जी आमी. तुमचं ते जास्तवालं पाकीट कुठाय?”

त्या माणसाने भिंतीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, रुमाल काढून कपाळ पुसलं आणि गंध फिसकटलं. मागून एक म्हातारी म्हणाली, “सांग ना रे बाबू, पोरगी इचारून राहिली!” आणि मग जो हशा आणि ज्या टाळ्या झाल्या, त्या आज चौदा वर्षांनंतरही माझ्या कानात आहेत.

बाबारावांनी ठरावाचा कागद फाडला. “लेकरांच्या तोंडातली डाळ!” ते गरजले. “हा सगळा माल परत न्यायचा अन् पुरा तोलून आणायचा. वर तक्रार मी स्वतः करतो.” गंधवाला एवढंसं तोंड करून पाकिटं बांधायला लागला.

लोक उठायला लागले होते. मी म्हटलं, “थांबा. माझं अजून झालं नाही.”

मी उभी राहिले. “द्वारकाबाईंवर संशयाचा पहिला कागद मी लिहिला. ही पोरं जे शिकतात ते मीच शिकवलेलं आहे, आणि तरी मी कोठीतलं एक पाकीट कधी काट्यावर ठेवलं नाही. या बाईच्या हातातला पत्र्याचा मग मात्र मी जूनमध्ये तोलला होता. तोलून, रेघ मारून दिली होती. कंपनीने छापलेल्या आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला आणि अकरा वर्षं माझ्यासमोर राबणाऱ्या बाईला माप लावलं. मी चुकले. गावासमोर माफी मागते.”

मी हात जोडले. द्वारकाबाई पायरीवरून उठल्या. सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली. त्या टेबलापाशी आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि मग बाबारावांकडे वळल्या.

“तुमी पण म्हणा, भाऊ.”

बाबाराव चपापले. मग त्यांनी टोपी काढली. “चुकलं, वहिनी.”

“ठीक हाये.” त्यांनी पदर सावरला. “उद्यापासून येतो म्या. पण माह्या चुलीपाशी येनारं एक एक पाकीट माह्या समोर तोललं गेलं पाहिजे. आकडा म्या सांगीन, मॅडम लिहितीन. कबूल असन तर येतो, नाहीतर राहू द्या.”

“कबूल,” मी म्हटलं. वर्गातली पोरं पण एका सुरात ओरडली, “कबूल!” त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

*

पुढल्या महिन्याच्या पाच तारखेला डाळीचा टेम्पो आला. ड्रायव्हर घाईत होता, पुढे त्याला चार गावं करायची होती. त्याने साठ पाकिटं व्हरांड्यात उतरवली आणि कागद माझ्यासमोर धरला. मी द्वारकाबाईंकडे बोट दाखवलं.

त्या काटा समोर घेऊन बसल्या होत्या. दोरा बांधलेला चष्मा नाकावर. एक पाकीट ठेवलं, आकडा वाचला, मी लिहिला. दुसरं ठेवलं, वाचलं, लिहिलं. दहा झाली, वीस झाली. मुलं खिडक्यांतून मोजत होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, मग वैतागून आत आला.

“ओ बाई, साऱ्या तालुक्यात असं कोणी करत नाही!”

“इथी करतात,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी काट्यावरची नजरही उचलली नाही. “उभा काहून हायेस? ठेव पुढचं.”

आणि त्याने वाकून एकविसावं पाकीट काट्यावर ठेवलं.